स्टॉकफिश १७.१ : फुकटातलं अजिंक्य इंजिन, त्याची खरी ताकद आणि वापरताना होणारे घोळ

किंमत: शून्य रुपये. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, 'प्रो' आवृत्ती नाही. स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं आणि डावांचं विश्लेषण करणारं, जीपीएल परवान्याखालचं मुक्तस्रोत इंजिन, म्हणजे प्रोग्रॅम, आहे. उतरवून घ्या, हव्या तितक्या मशीनवर टाका, वाटलं तर सोर्स कोड उघडून बघा. टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लॉरंग या इंजिनावरून मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये ते वेगळं काढलं. २०१३ मध्ये फिशटेस्ट ही चाचणीची यंत्रणा आली आणि खरा फरक तिथे पडला. कोडमध्ये कुणी एक ओळ जरी बदलली, तरी जुनं आणि नवं इंजिन जगभरच्या स्वयंसेवकांच्या मशीनवर एकमेकांशी हजारो डाव खेळतात. संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलं तरच तो बदल आत येतो. एखादी कल्पना ग्रँडमास्टरला कितीही आवडली तरी तिला वेगळी वाट नाही. हे परीक्षण मार्च २०२५ मध्ये आलेल्या १७.१ आवृत्तीचं आहे.

इंजिन जोरात आहे हे आता कुणाला पटवावं लागत नाही. तरी क्लबात दोन वाद अजून रंगतात. माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन मनावर घेऊन बसला तर निदान बरोबरी काढेल की नाही, हा एक. आणि इतकं जबरदस्त इंजिन घरात असून पोरांचं रेटिंग का हलत नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं सेटिंगमध्ये आणि आकडे वाचण्यात आहे. पण त्याआधी पहिला वाद.

माणूस नेमका कधी मागे पडला

बहुतेक जण १९९७ सांगतात. ते घाईचं आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव याने आयबीएमच्या डीप ब्लू या मशीनला ४–२ असं हरवलं होतं. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू ३.५–२.५ ने जिंकलं, पण तो निकाल कसा लागला ते पाहायला हवं. दुसऱ्या डावात कास्पारोवने अशा स्थितीत हार मानली जिथे सततचा शह देऊन बरोबरी मिळत होती. सहाव्यात कारो-कान ही सुरुवात खेळताना त्याने सातव्या चालीला प्यादं एच६ वर नेलं, मशीनने ई६ वर घोडा टाकला आणि १९ चालींत डाव संपला. मशीन जगज्जेत्याला हरवू शकतं एवढंच त्या सामन्याने दाखवलं. ते जगज्जेत्यापेक्षा सरस आहे हे तिथे सिद्ध झालं नव्हतं.

पुढची काही वर्षं तराजू खरोखर मधोमध होता. २००२ मध्ये बहारीनला क्रॅमनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ ४–४. २००३ मध्ये कास्पारोव विरुद्ध डीप ज्युनियर ३–३, आणि त्याच वर्षी एक्सथ्रीडी फ्रिट्झशी २–२. तुकडा पडला तो जून २००५ मध्ये लंडनला. हायड्रा या मशीनने जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक असलेल्या मायकेल अॅडम्सला ५.५–०.५ असं धुतलं. सहा डावांत एक बरोबरी. २००६ च्या अखेरीस बॉनला क्रॅमनिक डीप फ्रिट्झकडून ४–२ हरला. त्यातला दुसरा डाव सगळ्यांच्या लक्षात आहे. बरोबरीच्या स्थितीत क्रॅमनिकने ३४ व्या चालीला वजीर ई३ वर नेला आणि एच७ वर एका चालीची मात दिसलीच नाही. तेव्हापासून गादीवरच्या जगज्जेत्याने अव्वल इंजिनाशी समान अटींवर मोठा सामना खेळलेला नाही. वाद तिथेच मिटला. त्यावर शिक्कामोर्तब २००९ मध्ये झालं, ब्यूनोस आयर्सला: पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्रॅम साध्या मोबाईलवर चालत असताना एका स्पर्धेत १० पैकी ९.५ गुण घेऊन गेला, कामगिरीचं रेटिंग २८९८.

इथला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. डीप ब्लू ४८० खास चिप्स लावून सेकंदाला सुमारे २० कोटी पोझिशन तपासायचं. पॉकेट फ्रिट्झ त्या मोबाईलवर सेकंदाला २० हजारही नाही. आजचं स्टॉकफिश बऱ्यापैकी डेस्कटॉपवर एका थ्रेडला (प्रोसेसरवरच्या एका समांतर कामाला) सेकंदाला दहा लाखांच्या आगेमागे असतं. म्हणजे चार थ्रेड दिले तरी डीप ब्लूच्या वेगाचा पन्नासावा भाग, आणि ताकद मात्र कितीतरी जास्त. 'कॉम्प्युटर जिंकतो कारण तो सगळ्या चाली मोजतो' हे म्हणणं इथे कोसळतं. स्टॉकफिश बहुतेक चाली मोजतच नाही. फालतू वाटणाऱ्या फांद्या ते निर्दयपणे छाटतं, यादीत मागे असलेल्या चाली कमी खोलीवर पाहतं, आणि शंका आली तरच परत फिरून नीट बघतं.

उरलेल्या स्थितीला किती गुण द्यायचे, हे २०२० पर्यंत माणसांनी हाताने लिहिलेल्या नियमांवर ठरत होतं: उंटांची जोडी, राजाची सुरक्षितता, पुढे सरकलेलं प्यादं वगैरे. सप्टेंबर २०२० च्या १२ व्या आवृत्तीत एनएनयूई हे छोटं न्यूरल नेटवर्क आलं. मूळ कल्पना जपानी शोगीसाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेली. एक चाल झाली की पटावरचे एकदोनच मोहरे बदलतात, म्हणून नेटवर्कच्या पहिल्या थराचं गणित नव्याने न करता तेवढाच फरक अधिक-उणे करायचा. त्यामुळे ते साध्या प्रोसेसरवर धावतं, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या १६.१ आवृत्तीत हाताने लिहिलेले ते जुने नियम पूर्णपणे काढून टाकले.

डीपमाइंडच्या अल्फाझीरो या इंजिनाचा दाखला अजूनही दिला जातो, त्याबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या शंभर डावांत अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हार एकही नाही. समोर होतं स्टॉकफिश ८, तेही चालीला ठरावीक एक मिनिट आणि ६४ थ्रेडसाठी जेमतेम १ जीबी हॅश (पाहिलेल्या स्थिती टिपायची मेमरी) अशा अटींवर. आजचं स्टॉकफिश त्या आवृत्तीच्या फार पुढे आहे आणि त्याच्या पोटात स्वतःचं नेटवर्क आहे.

किती गुणांनी पुढे?

सीसीआरएल या इंजिनांच्या रेटिंग यादीत स्टॉकफिश ३६०० च्या वर आहे. माणसांतला उच्चांक कार्लसनचा, मे २०१४ मधला २८८२. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ७५० चा फरक काढायची सवय आहे. रेटिंगच्या फरकावरून अपेक्षित गुण सांगणाऱ्या एलोच्या सूत्रात ७५० चा फरक टाकला, तर खालच्या खेळाडूला शंभर डावांत साधारण १.३ गुण मिळतात, म्हणजे दोन-तीन बरोबऱ्या आणि बाकी सगळं हार.

पण हे गणित जपून वापरावं. इंजिनं इंजिनांशीच खेळतात. त्यांच्या यादीचा फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, माणसांच्या रेटिंगशी असलेला धागा जुना आणि विरलेला आहे. एका तळ्यातली पातळी दुसऱ्या तळ्यातल्या काठीने मोजण्यासारखंच ते. शिवाय एलो सूत्र शैली धरत नाही. कार्लसनने पांढऱ्या मोहऱ्यांनी फक्त बरोबरीसाठी खेळायचं ठरवलं, वजीर लवकर मारामारीत काढले, चाली परत परत करून बरोबरी होणाऱ्या पाठ लाइन निवडल्या, तर सूत्र सांगतं त्याहून जास्त बरोबऱ्या निघतील. कारण स्टॉकफिशला समोर कोण बसलंय याचं भानच नाही. स्थिती ०.००, म्हणजे समसमान, दिसली आणि दुसरी चाल किंचित वाईट वाटली, की ते निमूटपणे त्याच चाली परत करतं. समोरच्याला कमकुवत धरून बरोबरी टाळायची 'कंटेम्प्ट' ही सोय पूर्वी त्यात होती, ती काढली. लीला चेस झीरो या दुसऱ्या इंजिनात मात्र आजही ती आहे. काळ्या मोहऱ्यांनी मात्र हा बेत फार काळ चालेल असं वाटत नाही. जिंकण्याचा प्रश्न तर दोन्ही रंगांत येत नाही.

फरक खरा मोजायचा असेल तर सूट देऊन पाहावी. जानेवारी २०१६ मध्ये हिकारू नाकामुरा कोमोडो इंजिनाशी चार डाव खेळला. कधी प्याद्याची सूट, कधी एक्स्चेंजची (हत्ती आणि घोडा किंवा उंट यांच्यातल्या फरकाची), कधी सुरुवातीच्या काही चाली फुकट. वेळ ४५ मिनिटं आणि चालीमागे १५ सेकंद. निकाल कोमोडो २.५, नाकामुरा १.५: तीन बरोबऱ्या, एक हार. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच प्यादंभर सूट पुरत नव्हती. आता लिचेस या फुकट बुद्धिबळ संकेतस्थळावर लीलाचे सूट देऊन खेळणारे बॉट आहेत. एक घोडा काढून बसतो, एक हत्ती, एक चक्क वजीर. घोडावाला बॉट ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, ग्रँडमास्टरांनाही जड जातो. वेळ वाढवली की माणसाचं पारडं वर येतं. यावरून अंदाज बांधायचा तर समान वेळेच्या झटपट डावांत अव्वल माणूस आणि अव्वल इंजिन यांच्यातलं अंतर घोड्याच्या आसपास आहे, संथ डावांत त्याहून कमी. रेटिंगच्या वजाबाकीपेक्षा हे माप भरवशाचं.

अंतर येतं कुठून

खोल योजनांतून येतं असं वाटतं. तसं ते थोडंसंच येतं. मोठा वाटा साध्या गोष्टीचा आहे: इंजिन हातचं सोडत नाही.

सोची, नोव्हेंबर २०१४, जगज्जेतेपदाचा सहावा डाव. कार्लसनने २६ व्या चालीला राजा डी२ वर ठेवला. आनंदला घोड्याने ई५ वरचं प्यादं मारता येत होतं. पांढऱ्याने जी८ वर हत्ती मारला, तर तोच घोडा सी४ वरचं प्यादं शह देऊन घेतो, कारण राजा नेमका डी२ वर आला आहे. मग सवडीने हत्ती परत घ्यायचा, दोन प्यादी नफ्यात. आनंदने प्यादं ए४ वर ढकललं आणि पुढे तो डाव हरला. ही तीन चालींची गोष्ट आहे. मोबाईलवरचं स्टॉकफिशही ती डोळ्याचं पातं लवायच्या आत दाखवतं. दोन जगज्जेत्यांना पटावर दिसली नाही, कारण दोघांचीही मनं त्या क्षणी 'पांढरा दाबतोय, काळा तग धरतोय' या चित्रात अडकलेली होती.

सिंगापूर, डिसेंबर २०२४, गुकेश–डिंग यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा शेवटचा, चौदावा डाव. हत्ती-उंटांचा शेवट, गुकेशकडे एक प्यादं जास्त, आकडा बरोबरीचा. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून अदलाबदल देऊ केली. पण त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात अडकलेला होता. हत्ती गेल्यावर काळ्याने उंट डी५ वर आणला की उंटांची मारामारी टळत नाही, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट काळा सरळ जिंकतो. ५८ व्या चालीला डिंगने हार मानली. चार तासांनंतरच्या थकव्यात, घड्याळ अंगावर येत असताना झालेली ही चूक. इंजिनाला चौथा तास नसतो.

तरी कुठे चुकतं

बंदिस्त स्थितीत. प्याद्यांची भिंत दोन्ही बाजूंनी अडकलेली, आत शिरायला फट नाही, आणि स्टॉकफिश मात्र +२ किंवा +२.५ दाखवत बसलेलं, कारण त्याच्याकडे जास्त मोहरे आहेत. याला फोर्ट्रेस म्हणतात. नेटवर्क आल्यापासून हा दोष बराच कमी झाला, गेला मात्र नाही. ओळखायची युक्ती सोपी: इंजिनाने सुचवलेल्या चाली दहा-पंधरा वेळा पुढे खेळून बघा. आकडा वाढत नसेल आणि मोहरे नुसते मागेपुढे फिरत असतील, तर तो नफा कागदावरचा आहे. २००८ मध्ये नाकामुराने तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये रायब्का या इंजिनाला २७१ चालींत हरवलं ते याच मार्गाने. पट बंद करून टाकला. रायब्का स्वतःला वरचढ समजत होतं, पन्नास चालींच्या नियमाने बरोबरी होऊ नये म्हणून त्याने स्वतःच मोडतोड केली आणि मार खाल्ला. आजचं स्टॉकफिश असं सहसा फसत नाही.

दुसरी त्रुटी शेवटाच्या खेळात, पण ती भरून काढता येते. सिझिजी टेबलबेस (शेवटांची आधीच सोडवून ठेवलेली उत्तरं) जोडले की पटावर ठरावीक मोहरे उरल्यावर अंदाज संपतो, पक्कं उत्तर मिळतं. पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच सुमारे १ जीबी, सहापर्यंतचा सुमारे १५० जीबी, सातचा १७ टीबीच्या घरात. घरच्या वापराला पाचचा पुरतो. जागा असेल तर सहाचा एसएसडीवर ठेवावा; फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवला तर इंजिन प्रत्येक वेळी डिस्कची वाट बघत थांबतं आणि उलट मंदावतं. सात मोहऱ्यांसाठी लिचेसच्या विश्लेषण फळीवर स्थिती टाकली की फुकट उत्तर मिळतं, १७ टीबी जमवायची गरज नाही.

बसवताना

विंडोजवर झिप उघडून आतल्या फाइलवर डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते, एक ओळ दिसते आणि बस. 'बिघडलंय' म्हणून लोक इथेच सोडून देतात. स्टॉकफिश हे नुसतं इंजिन आहे, पट, म्हणजे मोहरे आणि चाली दाखवणारा प्रोग्रॅम, वेगळा घ्यावा लागतो. एन क्रॉसाँ, निबलर, अरीना, कुठलाही चालेल, सगळे फुकट. पटाच्या सेटिंगमध्ये 'नवं इंजिन जोडा' निवडून त्या फाइलचा पत्ता द्यायचा. फाइल डाउनलोड्समध्ये ठेवून जोडू नका. साफसफाईत फोल्डर उडालं की पट इंजिन शोधत बसतो.

कुठली फाइल घ्यायची यातही गोंधळ होतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरना नावात एव्हीएक्स२ असलेली फाइल चालते. जुन्या मशीनवर ती टाकली तर खिडकी उघडते आणि लगेच मिटते. तिथे पॉपकाउंट असं नाव असलेली घ्यावी. एएमडीच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या झेन प्रोसेसरवर बीएमआय२ ची फाइल चालते खरी, पण हळू, कारण त्यातली एक सूचना त्या चिप्सवर फार वेळ खाते. तिथेही एव्हीएक्स२ च बरी.

मग तीन सेटिंग. मूळ स्थितीत थ्रेड १ आणि हॅश १६ एमबी असते, आणि बरेच जण वर्षानुवर्षं तसंच वापरतात. आठ कोअर, १६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर थ्रेड ६ आणि हॅश ४०९६ एमबी ठेवा. सगळे थ्रेड दिले तर बाकीचं मशीन कुंथतं. हॅश म्हणजे इंजिनाची वही: पाहिलेल्या स्थिती तो तिथे टिपून ठेवतो. वही छोटी असली की लांब विश्लेषणात जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि तेच काम परत करावं लागतं. पण मेमरीपेक्षा मोठी हॅश दिली तर विंडोज डिस्क वापरू लागतं आणि वेग एकदम पडतो. तिसरं मल्टीपीव्ही, म्हणजे किती पर्यायी लाइन दाखवायच्या. अभ्यासाला ३. एखाद्या चालीची शहानिशा करायची असेल तर १, कारण लाइन वाढवल्या की तेवढ्याच वेळात खोली कमी होते.

लॅपटॉप चार्जरला लावूनच चालवा. बॅटरीवर प्रोसेसर स्वतःला आवरतो. 'अनंत विश्लेषण' लावून जेवायला गेलं की मशीन तापतं, वेग उतरतो, आणि खोली ४० च्या पुढे सरकण्याने सहसा काही नवं कळतही नाही. नेहमीच्या डावाला एका स्थितीवर २०–३० सेकंद भरपूर.

आकडा कसा वाचावा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबू.

१५.१ आवृत्तीपासून +१.०० चा अर्थ बदलला. पूर्वी तो ढोबळमानाने 'एक प्यादं नफा' असा होता. आता त्याचा अर्थ 'दोन्ही बाजूंनी स्टॉकफिश खेळलं, तर पांढरा जिंकण्याची शक्यता ५० टक्के' असा आहे. माणसांसाठी तोच आकडा वेगळा बोलतो. लिचेस २३०० रेटिंगच्या खेळाडूंच्या डावांवरून बसवलेलं सूत्र वापरतं. त्यात +१.०० म्हणजे पांढऱ्याचं पारडं ५९ टक्के, आणि +३.०० म्हणजे फक्त ७५. इंजिनांच्या दुनियेत +३ म्हणजे खेळ खल्लास. २३०० वाल्यांमध्ये त्यातले एक चतुर्थांश गुण समोरचा परत काढतो. १४०० वाल्या पोराचं तर विचारायलाच नको. तेव्हा '+०.७ होतं, तू ०.३ वर आणलंस' अशी बोलणी देणाऱ्या पालकांनी आवरतं घ्यावं. त्या पातळीवर १.५ च्या आतल्या चढउतारांकडे दुर्लक्ष केलेलं चांगलं.

०.०० चे तर दोन चेहरे. एक खरोखर मेलेली बरोबरी. दुसरा असा की एकच चाल वाचवते, बाकी सगळ्या हरतात. पटाशेजारी आकडा दाखवणाऱ्या पट्टीवर दोन्ही सारखेच दिसतात. मल्टीपीव्ही ३ ठेवलं की भेद उघडा पडतो: पहिली लाइन ०.००, दुसरी −४.५ असेल तर ती 'समान' स्थिती माणसासाठी अजिबात समान नाही. अशा स्थितीत तुम्ही चुकलात तर ते समजण्यासारखं आहे. तिन्ही लाइन ०.१ च्या आत असताना वीस मिनिटं खर्च केलीत, तर खरी चूक तिथली.

'खोली ३०' म्हणजे ३० चालींपर्यंत सगळं तपासलं असं नव्हे. एक तर ती अर्ध्या चालींत मोजतात, म्हणजे दोघांच्या मिळून ३०. दुसरं, छाटणी झालेल्या फांद्या त्याच्या खूप आधी तुटलेल्या असतात. ब्राउझरमधलं इंजिन थोड्याच खोलीवर थांबलं की त्यागाच्या चालीला लाल रंग देतं, आणि अर्ध्या मिनिटाने तीच चाल पहिली येते. त्याग दिसला की इंजिनाला वेळ द्या, किंवा ती चाल स्वतः पटावर खेळून त्यापुढे विचार करायला लावा. डाव शेवटाकडून मागे तपासत आणला तर आणखी बरं: पुढच्या स्थितींची उत्तरं हॅशमध्ये आधीच असतात, म्हणून मागच्या चालींचा निकाल लवकर आणि पक्का लागतो.

आणि डावानंतर संकेतस्थळं दाखवतात ते 'अचूकता ९६ टक्के'. चौदा चाली पाठ ओपनिंगच्या, मग वजीर काढले, २२ चालींत बरोबरी: अशा डावात कुणालाही ९६ पडतात. गुंतागुंतीच्या, साठ चालींच्या डावात जगज्जेताही त्याखाली जातो. टक्क्यांवरून 'इंजिनासारखा खेळला' म्हणणं अडाणीपणा आहे, आणि त्यावरून कुणावर चीटिंगचा आरोप करणं त्याहून वाईट.

खेळायला जोडीदार म्हणून

इथे गुण कापावे लागतात. ताकद कमी करायच्या दोन सोयी आहेत: स्किल लेव्हल ० ते २० आणि एलो मर्यादा १३२० ते ३१९०. दोन्ही आतून एकाच पद्धतीने चालतात. इंजिन चांगल्या चाली शोधतं आणि मग मुद्दाम, थोडं नशिबावर सोडून, त्यातली कमी प्रतीची निवडतं. परिणाम असा की दहा चाली ग्रँडमास्टरसारख्या आणि अकरावी अशी की पहिलीतलं पोरही करणार नाही. १५०० चा माणूस असा चुकत नाही. तो दूरचा उंट विसरतो, पिन (हलला तर मागचा मोहरा पडेल अशी अडकवणूक) पाहत नाही, घाईत प्यादं ढकलतो. शिवाय ते १५०० इंजिनांच्या यादीवर बेतलेले आहेत, जिल्हा स्पर्धेतल्या १५०० शी त्यांचा मेळ बसेलच असं नाही.

माणसासारखा जोडीदार हवा असेल तर मैया घ्या. टोरोंटो व कॉर्नेल विद्यापीठं आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये तो मांडला. ११०० ते १९०० रेटिंगच्या खेळाडूंचे लिचेसवरचे डाव शिकवून केलेली ही नेटवर्क आहेत. उत्तम चाल शोधायला नव्हे, त्या रेटिंगचा माणूस काय खेळेल हे ओळखायला शिकवलेली. चुका खऱ्या वाटतात, सापळ्यात माणसासारखी पडतात. लिचेसवर त्यांचे बॉट फुकट आहेत.

मुलांच्या अभ्यासाला क्रम असा ठेवावा. डाव संपला की इंजिन बंद. कुठे वेळ गेला, कुठे भीती वाटली, कुठे दुसरी चाल मनात होती, हे मुलाने स्वतः चालींशेजारी लिहायचं. मग इंजिन लावून फक्त त्या तीन-चार जागा तपासायच्या. इंजिनाची चाल पटली नाही, तर मुलाची चाल खेळून समोरून इंजिनाला उत्तर देऊ द्यायचं. का चुकलं हे शब्दांत सांगायची सोय स्टॉकफिशमध्ये नाही; ते खंडनच दाखवतं, आणि खंडन पटावर बघितलं की कारण बहुधा दिसतं. उलट सुरुवातीपासून पट्टी चालू ठेवली तर मूल पटाकडे न पाहता पट्टीकडे पाहतं.

पैसे कुठे खर्च करू नयेत

स्टॉकफिशहून तगडं म्हणून विकलं जाणारं इंजिन घेताना आत काय आहे ते पाहा. फॅट फ्रिट्झ २ हे मुळात स्टॉकफिशच होतं, वेगळं नेटवर्क घातलेलं. त्यावरून स्टॉकफिशच्या लेखकांनी २०२१ मध्ये ते विकणाऱ्या चेसबेस कंपनीवर खटला भरला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. चेसबेसचं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी ते डावांच्या संग्रहासाठी आणि तयारीच्या फाइलींसाठी घ्यावं. त्या कामाला ते उत्तम आहे. इंजिन म्हणून त्यात फुकटचं स्टॉकफिशच जोडता येतं.

लीला चेस झीरोही फुकट आहे, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तिची मजा नाही. असेल तर दोन्ही ठेवा. संथ, मोक्याच्या स्थितीत लीलाची पहिली चाल बहुतेकदा माणसाला समजण्याजोगी असते. डावपेचांच्या झटापटीत स्टॉकफिशवर विसंबा. दोघांचं मत जुळलं नाही की ती जागा हमखास अभ्यासायला घेण्याची.

मोबाईलवर लिचेसचं अॅप किंवा ड्रॉइडफिश पुरेसं आहे. फोन तापला की वेग घसरतो, म्हणून दोन थ्रेडवर ठेवा. स्पर्धेच्या हॉलमध्ये मात्र फोन बॅगेतही बाळगायच्या आधी आयोजकांचा नियम वाचा. फिडेच्या नियमांप्रमाणे परवानगीशिवाय खेळाच्या जागी फोन अंगावर सापडला तर डाव जातो, मग त्यात इंजिन असो वा नसो.